लांब पल्ल्याच्या ट्रकचालकासाठी: मुक्काम कुठे करायचा, काय खायचं, कसं झोपायचं

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. डोळे चुरचुरतायत, पोटात दुपारपासून फारसं काही नाही, आणि समोर दिव्यांनी उजळलेली खानावळ दिसते. बाहेर पंधरा-वीस गाड्या उभ्या आहेत. अशा वेळी स्टिअरिंग डोकं वळवत नाही, पोट वळवतं. जेवण चांगलं निघतं. पण गाडी उभी राहते उतारावर, शेजारच्या थंड मालाच्या गाडीचं यंत्र रात्रभर धडधडत राहतं, संडासात पाणी नसतं, आणि पहाटे निघताना तीन तासांचीही धड झोप झालेली नसते.

मी कित्येक वर्षं थांबे असेच निवडले आणि त्याची किंमत झोपेत मोजली. नवीन पोरांना आता मी एकच क्रम सांगतो: आधी झोपेची जागा बघा, मग पाणी आणि संडास, आणि सगळ्यात शेवटी जेवण. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण जेवण डब्यातून बरोबर नेता येतं, पाणीही कॅनमध्ये भरून घेता येतं. सपाट, शांत, सुरक्षित जागा मात्र गाडीत भरून नेता येत नाही. ती जिथे आहे तिथे वेळेत पोचावंच लागतं. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. जेवणावर जास्त लिहिलंय, कारण चुका तिथेच जास्त होतात.

निघण्याआधी: घड्याळ मांडून बसा

पहिल्यांदा हे ठरवा की तुमचे तास कुठे संपतात. चालवण्याच्या तासांचा नियम प्रत्येक देशात वेगळा आहे आणि तुमच्यावर लागू असलेला नियम तुम्हाला तोंडपाठ हवा. तरी दोन-तीन नियम शेजारी ठेवून पाहिले की माणसाचं शरीर किती सोसतं याचा अंदाज येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७९ चा करार सांगतो की सलग ४ तासांपेक्षा जास्त चालवू नये, दिवसात ९ तासांच्या वर जाऊ नये, आणि चोवीस तासांत सलग १० तास विश्रांती मिळावी. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, ती आधी १५ आणि मग ३० अशी तोडून घेता येते. अमेरिकेत १० तास सुट्टी झाल्यावर १४ तासांच्या मुदतीत ११ तास चालवता येतं आणि ८ तासांचं चालवणं झालं की अर्ध्या तासाचा खंड लागतो. आकडे वेगळे असले तरी चार-साडेचार तासांनी उतरायचं हा हिशोब स्वतःसाठी धरायला हरकत नाही, तुमच्या देशाचा नियम सैल असला तरीही.

आता नकाशा काढा. जिथे तास संपतात तिथून एक तास मागे या. तो शेवटचा तास चालवण्यासाठी नाही, जागा शोधण्यासाठी आहे. फोनमधला नकाशा बहुतेक वेळा कारचा वेग धरून वेळ दाखवतो. लादलेली गाडी चढावर किती रेंगाळते हे त्याला कळत नाही. मागच्या दोन-चार फेऱ्यांत तासाला सरासरी किती किलोमीटर पडले ते काढा आणि तोच आकडा वापरा. माल भरायला लागणारा वेळसुद्धा मागच्या अनुभवावरून धरा, गोदामवाल्याच्या शब्दावरून नाही.

मग तीन थांबे लिहून ठेवा: एक मुख्य, एक त्याच्या अलीकडचा, एक पलीकडचा. बहुतेक जण फक्त मुख्य आणि पलीकडचा लिहितात. मुख्य भरलेला निघाला की ते पुढे ढकलत जातात, आणि मग तासही संपतात आणि जागाही मिळत नाही. खरा आधार अलीकडच्या थांब्याचा असतो. लोडिंगला उशीर झाला, संध्याकाळ उलटून गेली, आणि अलीकडच्या थांब्यावर जागा दिसतेय, तर तिथेच वळा. ट्रकचे थांबे संध्याकाळपासून भरायला लागतात. उशिरा पोचणाऱ्याला प्रवेशाच्या वाटेवर किंवा रस्त्याच्या कडेला गाडी लावावी लागते, आणि मागून येणारा अर्धवट झोपेतला दुसरा ड्रायव्हर तिथेच येऊन आदळतो.

माल उतरवायच्या ठिकाणी वेळेआधी पोचलात तर काय करायचं, हेही आधी ठरवा. २००९ साली अमेरिकेत जेसन रिव्हेनबर्ग नावाचा ट्रकचालक असाच लवकर पोचला. माल घ्यायची वेळ झाली नव्हती, आत उभं राहायची सोय नव्हती, म्हणून त्याने एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावली. तिथे लुटारूने त्याला गोळी घालून मारलं. हाती लागले सात डॉलर. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकसाठी सुरक्षित पार्किंग वाढवण्याची तरतूद कायद्यात आली. तो कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. मी हे घाबरवायला सांगत नाही. ओसाड पंप, बंद गोदामाची मागची बाजू, पुलाखालची मोकळी जागा दिवसा निवांत दिसते. ती रात्रीची कशी असते हे तिथे राहून शोधू नका.

थांब्याचा फोन नंबर मिळत असेल तर निघण्याआधी करा आणि नेमकं विचारा. माझ्या लांबीची गाडी आत वळते का? रात्री फाटक लावतात का, राखणदार असतो का? किती वाजेपर्यंत जागा मिळते? स्वयंपाकघर कधी बंद होतं? अंघोळीला गरम पाणी कधी असतं? पार्किंगचे पैसे वेगळे द्यायचे की जेवणाच्या बिलात वळते होतात? दोन मिनिटांचा फोन असतो, आणि समोरचा कसा उत्तर देतो यावरूनही जागेची कल्पना येते.

आत शिरल्यावरची पहिली पाच मिनिटं

दिसेल त्या पहिल्या रिकाम्या जागेत गाडी घालू नका. शक्य असेल तर सावकाश एक फेरी मारा. मी काय बघतो ते सांगतो.

रांगेच्या टोकाची जागा सोपी वाटते, पण वळणाऱ्या प्रत्येक ट्रेलरची मागची बाजू तिथूनच घसटत जाते. मधली जागा बरी. थंड मालाच्या गाडीशेजारी आणि जनावरांच्या गाडीशेजारी लावू नका, पहिलीचा आवाज आणि दुसरीचा वास झोपू देत नाही. संडासाच्या अगदी समोरची जागाही टाळा. रात्रभर दारं आपटतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे दिवे केबिनवर पडत राहतात. गाडीच्या मागच्या बाजूला उजेड हवा, झोपायच्या बाजूला नको.

जमीन बघा. सपाट नसेल तर अंथरुणावर डोक्याची बाजू वर येईल अशी लावा. पाऊस पडणार असेल तर माती आणि ओली खडी टाळा. रात्री कोरड्या जमिनीवर उभी केलेली लादलेली गाडी सकाळी चाकं रुतून बसलेली मी पाहिली आहे, आणि ती ओढून काढायला अर्धा दिवस गेला. उतार असेल तर हँडब्रेकवर भिस्त न ठेवता चाकाखाली लाकडाचा ठोकळा घाला. तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून लावलीत तर पहाटे अंधारात, झोपाळलेल्या डोळ्यांनी रिव्हर्स घ्यावा लागत नाही.

मालाची मागची दारं भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला इतकी जवळ असू द्या की ती उघडताच येणार नाहीत. ते जमत नसेल तर निदान दारांवर उजेड पडू दे. सील, कडी, ताडपत्रीच्या दोऱ्या आणि डिझेलच्या टाकीचं झाकण यांचे फोटो काढा. सकाळी काही फरक दिसला तर पुरावा हातात राहतो, आणि फोटो काढताना आपोआप गाडीभोवती एक फेरीही होते. गाडीत काय भरलंय, कुठे चाललोय, हे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने बोलू नका.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये ट्रकच्या पार्किंगसाठी सुरक्षेच्या चार पायऱ्या ठरवल्या: कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की सुरक्षेची पायरी कोणतीही असो, स्वच्छतागृह आणि अंघोळीसारख्या मूळ सोयी सगळीकडे बंधनकारक आहेत. कुंपण मोठं आहे म्हणून संडास नसला तरी चालेल, असं तिथे चालत नाही.

पाणी, संडास, अंघोळ

या विषयावर ड्रायव्हर मोकळेपणी बोलत नाहीत आणि दुखणी घेऊन घरी जातात. वाटेत संडास मिळणार नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही सवय फार जणांना आहे. त्याने लघवीला जळजळ होते, मुतखडा होतो, बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं आणि लक्ष विस्कटतं. लघवीचा रंग बघत जा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. एकदम लिटरभर पिऊ नका, तासातासाला थोडं थोडं प्या, आणि प्रत्येक थांब्यावर जाऊन या, घाई नसली तरीही.

थांब्याची स्वच्छता ओळखायची असेल तर आधी हात धुवायच्या जागी जा. नळाला पाणी आहे का, साबण आहे का, फरशी कोरडी आहे का, दिवा लागतो का, आतून कडी बसते का. जिथे हात धुवायला साबण नाही तिथल्या स्वयंपाक्याने तो कुठून आणला असेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. माझा अनुभव असा की संडास बघितल्यावर स्वयंपाकघर वेगळं बघायची गरज क्वचितच पडते.

गाडीत एका पिशवीत कायम ठेवा: साबण, छोटा टॉवेल, रबरी चप्पल, टॉयलेट पेपर, बॅटरी, हात पुसायचं जंतुनाशक. अंघोळीच्या जागी अनवाणी जाऊ नका, पायाच्या बोटांमधली बुरशी तिथूनच येते. अंघोळ झाल्यावर बोटांमधलं पाणी कोरडं करा. दिवसभर बंद बुटात राहणाऱ्या पायाला हे लागतंच. अंघोळ झोपण्याआधी तास-दीड तास झाली तर उत्तम, कारण कोमट पाण्यानंतर अंग हळूहळू थंड होतं आणि झोप लवकर लागते.

बाईमाणूस गाडी चालवत असेल तर याच यादीला जास्त धार येते. स्वतंत्र आणि आतून बंद होणारं स्वच्छतागृह, तिथपर्यंत उजेडाची वाट, पॅड टाकायला झाकणाचा डबा. या तीन गोष्टी नसतील तर थांबा कितीही चांगला असला तरी तो तिच्यासाठी चांगला नाही. थांबा चालवणाऱ्यांना या मागण्या आम्ही पुरुष ड्रायव्हरांनीही करायला हव्यात. एकटीने केलेली तक्रार फार वेळा कानाआड जाते.

जेवण: आधी स्वयंपाकघर ओळखा

बाहेर ट्रकची गर्दी म्हणजे जेवण चांगलं, असं सगळे मानतात. ते अर्धंच खरं आहे. गर्दी जागेमुळे असू शकते, स्वस्ताईमुळे असू शकते, पुढे पन्नास किलोमीटर काहीच नाही म्हणूनही असू शकते. गर्दीचा एक फायदा मात्र खरा आहे: अन्न लवकर संपतं आणि नवीन शिजतं. म्हणून जेवणाच्या ऐन वेळी गर्दीच्या ठिकाणी खाणं, हे दुपारी चार वाजता त्याच ठिकाणी खाण्यापेक्षा सुरक्षित.

जंतूंना कोमट अन्न आवडतं. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहावं किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहावं, आणि खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. थर्मामीटर घेऊन कोणी जेवायला जात नाही, पण ताटातून वाफ येते की नाही हे दिसतं. वाफ येत नसेल तर परत पाठवा. नुसतं कोमट करून आणू नका, पूर्ण गरम करा, असं स्पष्ट सांगा. संकोच करू नका, रात्री पोट बिघडलं तर गाडी तुम्हालाच चालवायची आहे.

भाताकडे विशेष लक्ष द्या. तो निरुपद्रवी वाटतो, पण शिजल्यानंतर तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात एक जंतू विष तयार करतो आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. सकाळचा भात रात्री परतून दिला जात असेल तर तो घेऊ नका. तीच काळजी कापून ठेवलेली कच्ची कोशिंबीर, पाणी घातलेल्या चटण्या आणि उघड्यावरची कापलेली फळं यांची. सालीचं फळ घ्या आणि स्वतः सोला. तेल काळपट असेल, तळताना धूर आणि उग्र वास येत असेल, तर तळलेलं काहीच मागवू नका. जिथे पैसे घेणारा हात तसाच अन्नाला लागतो तिथे नजरेसमोर उकळलेलं किंवा भाजलेलं तेवढंच खा.

नवीन ठिकाणी पहिल्यांदा जेवताना मी मांस आणि मासे मागवत नाही. डाळ, कडधान्य, अंडी, भाजी, ताजी भाजलेली पोळी किंवा ब्रेड, यात धोका कमी असतो. दोन-तीनदा नीट अनुभव आला की मग बाकीचं.

काय खायचं आणि कधी

यापुढे किती वेळ चालवायचंय की आता झोपायचंय, यावर ताट ठरतं. पुढे चार तास चालवायचे असतील तर अर्धं पोट जेवा. भरपूर भात किंवा मैदा, वर तळलेलं आणि गोड, असं जेवण झालं की तासाभरात डोळे जड होतात. दुपारी दोन ते चार या वेळात शरीराची लय अशीही मंदावते, त्यात असं जेवण पडलं की विचारूच नका. अशा वेळी ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीने भरा (ती समोर ताजी कापून मिळत असेल तरच), पाव भाग डाळ, कडधान्य, अंडी किंवा मांसाने, आणि उरलेला पाव भाग भात, पोळी किंवा ब्रेडने. काट्यावर तोलायची गरज नाही, डोळ्याने वाटणी करा.

मोठं जेवण करायचंच असेल तर ते मुक्कामाच्या थांब्यावर करा, आणि झोपण्याआधी दोन तास तरी. पोचायला उशीर झाला असेल तर हलकं खाऊन झोपा. भरल्या पोटी आडवं झालं की जळजळ होते आणि झोप तुटक होते. रात्रभर गाडी चालवणाऱ्यांनी मुख्य जेवण निघण्याआधी घ्यावं आणि मध्यरात्रीनंतर फक्त थोडंसं काही खावं: उकडलेलं अंडं, दही, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपायला बसलेलं असतं, पचनसुद्धा.

तळलेल्याशिवाय काहीच मिळत नाही असे थांबे असतातच. तिथे एकच पदार्थ तळलेला घ्या, बाकी साधं मागा. रस्सा किंवा सॉस ताटावर ओतायला सांगू नका, बाजूला वाटीत मागा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचा. बाहेरच्या दोन जेवणांत हे सहज ओलांडलं जातं, तेव्हा लोणचं, वेफर, फरसाण असलं वरचं मीठ तरी कमी करा. बसून काम करणाऱ्यांचा रक्तदाब असाच नकळत वाढत जातो.

केबिनमध्ये स्वतःचा डबा ठेवायला सुरुवात केलीत तर थांब्यावरचं अवलंबित्व निम्मं कमी होतं. गाडीत टिकणाऱ्या गोष्टी: भाजलेले चणे, शेंगदाणे, सुकामेवा, खाकरा किंवा बिस्किटासारखं कोरडं काही, केळी, सफरचंद, संत्री. छोटा फ्रीज असेल तर दही, उकडलेली अंडी, घरून आणलेलं पहिल्या दिवसाचं जेवण. फ्रीज ५ अंशांच्या आत थंड राहतो का ते एकदा स्वस्त थर्मामीटर आत ठेवून तपासा. नुसती थंड पेटी असेल तर तिच्यातलं शिजवलेलं अन्न त्याच दिवशी संपवा.

केबिनमध्ये स्टोव्ह किंवा गॅस पेटवू नका. आगीचा धोका आहेच, पण त्याहून वाईट कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद केबिनमध्ये माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक करायचाच असेल तर खाली उतरून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, डिझेलच्या टाकीपासून लांब, आणि थांब्यावर परवानगी असेल तरच.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ थांब्यावर सोडू नये. साखर एकदम खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, समोरचं धूसर होतं. ग्लुकोज हाताशी ठेवा, मागच्या बर्थवर नाही. अशी लक्षणं जाणवली तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, साखर खा, आणि लगेच निघू नका. ब्रिटनमध्ये चालकांना दिलेला सल्ला असा आहे की साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटं थांबावं. तोच तुम्हीही पाळा.

चहा, कॉफी आणि जागं राहण्याचे खोटे उपाय

चहा-कॉफीतलं कॅफिन वीस ते तीस मिनिटांनी काम सुरू करतं आणि त्यातलं निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं. म्हणून झोपायच्या सहा तास आधी शेवटचा कप. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं जातं, पण काही एनर्जी ड्रिंकच्या डब्यांत एका वेळीच बरंच असतं आणि साखर त्याहून जास्त. डब्यावर लिहिलेलं वाचा.

इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकात झोपाळलेल्या चालकांवर सिम्युलेटरवर प्रयोग झाले. खिडकी उघडून गार वारा घेणं आणि रेडिओ लावणं याचा उपयोग फार थोडा वेळ होतो, हे त्यात दिसलं. कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटांची डुलकी काढणं मात्र खरंच उपयोगी ठरलं. मी तेच करतो. गाडी लावायची, कॉफी प्यायची, वीस मिनिटांचा गजर, डोळे मिटायचे. उठेपर्यंत कॉफी कामाला लागलेली असते.

पण डुलकीने रात्र भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखा वागतो. ताशी ८० किलोमीटरवर गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डोळे मिटले तर जवळजवळ नव्वद मीटर गाडी एकटीच चालली. जाग आणणाऱ्या गोळ्या कोणी देऊ केल्या तर घेऊ नका. त्या झोप घालवत नाहीत, फक्त ती आल्याचं कळू देत नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांनीही झोप येते, दुकानदाराला विचारूनच घ्या.

झोप

केबिनच्या सगळ्या काचांना जाड, गडद पडदे लावा. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी आहे. इंजिन बंद करा. चालू इंजिनचा धूर आत येऊ शकतो, डिझेल जातं आणि शेजाऱ्यांची झोपही जाते. एक काच दोन बोटं उघडी, दारं आतून बंद. कानात बोळे घालत असाल तर गजर उशाशी न ठेवता कंप देणारा फोन उशीखाली ठेवा. घरी फोन करायचा असेल तर झोपायच्या तासभर आधीच करा. वादाचे विषय आडवं झाल्यावर काढू नका.

दोन ड्रायव्हर असाल तर चालत्या गाडीतल्या झोपेला पूर्ण झोप समजू नका. हादरे आणि ब्रेकमुळे ती सारखी तुटते. दिवसातून एकदा तरी दोघांनी उभ्या गाडीत झोपावं.

सात-आठ तास झोपूनही ताजं वाटत नसेल, जोराचं घोरणं असेल, झोपेत श्वास अडकतो असं जोडीदार सांगत असेल, तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची) तपासणी करून घ्या. पुरुषाच्या गळ्याचा घेर ४३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर शंका जास्त. यावर चांगले उपचार आहेत. परवाना जाईल या भीतीने लपवणारे मला भेटले आहेत, आणि त्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

उठल्यावर, निघण्याआधी

डोळे उघडल्या उघडल्या चावी फिरवू नका. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं अर्धं झोपेतच असतं. केबिनमधून उडी मारू नका. तोंड गाडीकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेले, असं उतरा. झोपाळलेल्या माणसाचा घोटा मुरगळतो तो इथेच.

गाडीभोवती भरभर पाच-सहा फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत चाकं, सील, ताडपत्री, टाकीचं झाकण बघा आणि रात्रीच्या फोटोंशी ताडून पाहा. बाकीच्या फेऱ्या पायांसाठी. तासन्‌तास बसून पोटरीत रक्त साकळतं, कधी त्याची गाठ होते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

चालवायला सुरुवात करण्याआधी एक वही काढा. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण माझी वही वीस वर्षांची आहे आणि तिची बॅटरी संपत नाही. प्रत्येक थांब्याला चार ओळी: किती वाजता पोचलो आणि किती जागा रिकाम्या होत्या, झोप कशी लागली, पाणी आणि संडास, काय खाल्लं आणि पोटाने काय सांगितलं. थांब्याचा मालक किंवा व्यवस्थापक समोर असेल तर चांगलं काय आणि वाईट काय ते त्यालाही नीट शब्दांत सांगा. एका थांब्यावर आम्ही पाच-सहा जणांनी महिनाभर तोच मुद्दा काढला तेव्हा अंघोळीच्या खोलीला कडी आणि दिवा बसला. गाडीमालकाला भाड्याचा हिशोब देताना मुक्कामाचा खर्च डिझेलखाली स्वतंत्र ओळीत लिहा, खिशातून भरून गप्प बसू नका. आणि वहीतलं पान नव्या ड्रायव्हरला दाखवा. परवा एकाने माझ्या वहीतल्या तीन थांब्यांचे फोटो काढून नेले, त्यातला अलीकडचा थांबा त्याला त्याच रात्री उपयोगी पडला.